काड्या ईशान्येला, तबकडी नैर्ऋत्येला

न्यू जर्सीतल्या एडिसन गावातले एखादे साधे दुमजली घर घेऊ. या गावात मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि पुण्या-ठाण्याच्या कितीतरी आजी-आजोबांनी नातवंडांसाठी तिथे महिनोन्‌महिने मुक्काम केलेला आहे. अशा घराच्या छपरावर उपग्रहाची डिश असते हे त्यांनी पाहिलेले असते. काही छपरांवर डिशच्या जोडीला अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेनाही असतो. तो आधीच्या घरमालकाने काढायचा राहून गेला असावा, असे बहुतेकांना वाटते. तसे नसते. दोन्ही चालू असतात, एकाच टीव्हीला जोडलेले असतात, आणि ज्याने ती जोडी बसवली त्याने पुष्कळ विचार केलेला असतो. या जोडीचे रसग्रहण करावे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. काम कसे चालते हे इतक्या उघडपणे, नुसत्या आकारातून सांगणारी दुसरी घरगुती वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

आधी दिशा पाहा. डिशचे तोंड नैर्ऋत्येला असते. डायरेक्टीव्ही या उपग्रह-टीव्ही कंपनीचे मुख्य उपग्रह विषुववृत्तावर १०१ अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास आहेत, आणि एडिसनहून ती जागा नैर्ऋत्येला, क्षितिजापासून सुमारे ३६ अंश वर येते. अँटेनाचे टोक मात्र ईशान्येला असते. तिकडे चाळीस किलोमीटरवर मॅनहॅटन आहे, आणि तिथे एम्पायर स्टेट बिल्डिंग व वन वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्या माथ्यांवरून न्यूयॉर्कच्या वाहिन्यांचे प्रक्षेपण होते. एकाच छपरावर, एकाच टीव्हीसाठी, दोन साधने जवळजवळ एकमेकांकडे पाठ करून उभी असतात. एक जवळच्या शहराकडे पाहते, दुसरे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या कक्षेकडे. अँटेनाशेजारी डिश असली की हा फरक रस्त्यावरूनसुद्धा वाचता येतो. एकटी डिश किंवा एकटा अँटेना पाहून तो कळत नाही.

आता अँटेना जवळून पाहू, कारण खरे सौंदर्य तिथे आहे. मधोमध एक आडवी दांडी, आणि तिला काटकोनात बसवलेल्या काड्या. मागच्या बाजूच्या काड्या लांब, पुढच्या आखूड. हा उतार शोभेसाठी नाही. रेडिओलहरीच्या लांबीच्या साधारण निम्म्या लांबीची काडी त्या लहरीला उत्तम प्रतिसाद देते. सतारीच्या तरफेची तार आपला स्वर वाजला की कोणी न छेडता घुमते, तशी प्रत्येक काडी आपली लहर आली की जागी होते. सात क्रमांकाचे चॅनेल १७४ ते १८० मेगाहर्ट्झमध्ये येते. त्याची अर्धी लहर भरते सुमारे ८५ सेंटिमीटर. छत्तिसाव्या चॅनेलची अर्धी लहर जेमतेम २५ सेंटिमीटर. म्हणजे मोजपट्टी घेऊन छपरावर गेलात, तर हा अँटेना कोणती चॅनेले ऐकायला बांधला आहे हे टीव्ही न लावता सांगता येते. घड्याळाची तबकडी झाकली की त्याच्या चाकांवरून वेळ कळत नाही, मोबाइल उघडून पाहिला तरी तो कोणाचे बोलणे ऐकतो ते दिसत नाही. इथे मात्र माप हाच अर्थ आहे.

ही रचना जपानची. सेंदाई इथल्या तोहोकू इम्पीरियल विद्यापीठात शिंतारो उदा यांनी १९२० च्या दशकाच्या मध्यावर हे प्रयोग केले. १९२६ पासून त्यांचे जपानीतले लेख प्रसिद्ध होऊ लागले. त्यांचे वरिष्ठ प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी १९२८ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात इंग्रजीत लेख लिहिला, त्यात उदांच्या कामाचे ऋण मान्य केले, तरी जगाने नाव उचलले ते यागींचे. आजही दुकानदार ‘यागी अँटेना’ म्हणतात. माझ्या मते उदांचे नाव आधी यायला हवे, कारण काड्यांची लांबी आणि त्यांच्यातले अंतर बदलत नेण्याची ती सगळी चिकाटी त्यांची होती. त्यांना सापडलेली गोष्ट अशी की, केबलला जोडलेली काडी एकच पुरते. तिच्या मागे किंचित लांब काडी ठेवली की ती लहरीला परतवते. पुढे किंचित आखूड काड्यांची रांग ठेवली की त्या लहरीला पुढे ओढून आणतात. या मागच्या-पुढच्या काड्यांना कुठलीही तार जोडलेली नसते. निव्वळ आपल्या लांबीमुळे आणि जागेमुळे त्या काम करतात. बिनतारेच्या काड्यांनी तारेच्या काडीला दिशा द्यायची, ही कल्पना मला आजही थक्क करते. त्यात हलणारा भाग नाही, वीज नाही, झिजणारे काही नाही.

न्यूयॉर्कच्या आसपास वापरायच्या चांगल्या अँटेनात मागे लांब काड्यांचा एक गट असतो आणि पुढे आखूड काड्यांचा दुसरा. मागच्या गटाची गरज का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केले आणि सगळे डिजिटल झाले. पुष्कळ केंद्रे आखूड लहरींच्या यूएचएफ पट्ट्यात गेली. पण सगळी नाही गेली. एबीसीचे न्यूयॉर्क केंद्र सातव्याच चॅनेलवर राहिले, तिथलेच डब्ल्यूपीआयएक्स केंद्र अकराव्यावर राहिले. म्हणून दुकानात ‘एचडी’ असे ठळक छापलेला, भिंतीला चिकटवायचा, कागदासारखा चपटा अँटेना आणला की घरोघरी तीच तक्रार येते: सगळे दिसते, फक्त सात नंबर दिसत नाही. त्या चपट्या तुकड्यात ८५ सेंटिमीटर मावणार कुठून? खोक्यावरच्या अक्षरांपेक्षा काड्यांची लांबी खरे बोलते. खोक्यांवर छापलेल्या दीडशे-दोनशे मैलांच्या पल्ल्यालाही फारसा अर्थ नसतो. पृथ्वीची वक्रता मध्ये येते, आणि साठ-सत्तर मैलांपलीकडचा मनोरा उत्तम अँटेनालाही भरवशाने मिळत नाही.

पडद्यावरचा क्रमांक आणि हवेतला क्रमांक वेगळा असणे हीसुद्धा या विषयातली एक गोडी आहे. सीबीएसचे न्यूयॉर्क केंद्र पडद्यावर ‘२’ म्हणून येते, कारण लोकांना कित्येक दशके तोच आकडा माहीत आहे. हवेत मात्र ते छत्तिसाव्या चॅनेलवर आहे. टीव्ही प्रक्षेपणाबरोबर येणारी एक सूची वाचतो आणि जुना आकडा दाखवतो. छत्तिसावे चॅनेल हे आता अमेरिकी टीव्हीचे शेवटचे. त्यापुढचा पट्टा मोबाइल कंपन्यांनी लिलावात घेतला, आणि केंद्रांची हलवाहलव जुलै २०२० मध्ये पुरी झाली. पण छत्तिसाच्या लगेच पुढचे सदतिसावे चॅनेल कोणत्याच टीव्ही केंद्राला कधी दिलेले नाही. ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ ही जागा रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखलेली आहे. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकाचा व्यास ४५ मीटर. त्यांच्या मूळच्या पट्ट्यांपैकी एक ६१० मेगाहर्ट्झचा. सीबीएसच्या बातम्या जिथे संपतात त्याला लागूनच दूरच्या आकाशगंगा सुरू होतात, आणि मधली भिंत फक्त एका ठरावाची आहे. छपरावरचा अँटेना विकत घेणाऱ्याला याचा काही उपयोग नाही, पण मला हा शेजार फार मोलाचा वाटतो.

डिशचा स्वभाव निराळा. १९९४ मध्ये डायरेक्टीव्ही सुरू झाले तेव्हा सुमारे ४६ सेंटिमीटरची ती छोटी तबकडी पाहून लोकांना नवल वाटले होते. त्याआधी अंगणात मांडायच्या प्रचंड छत्र्या असत. तबकडी लहान झाली कारण लहर लहान झाली: १२ गिगाहर्ट्झच्या पुढची, सुमारे अडीच सेंटिमीटरची. तबकडीचे काम एवढेच की पडलेली लहर गोळा करून पुढच्या दांडीवरच्या एलएनबी या ग्रहण-डबीच्या तोंडात टाकायची. तिच्या आकारावरून चॅनेल कळत नाही, कंपनी कळत नाही, काहीच कळत नाही. एक कोडे मात्र ती घालते. तिचा चेहरा जिथे रोखलेला दिसतो तिथे ती पाहत नसते. एलएनबीची सावली तबकडीवर पडू नये म्हणून ती पूर्ण वाटोळ्या परवलयाचा बाजूचा तुकडा असते, त्यामुळे दिसायला जवळजवळ उभी आणि पाहायला बरीच वर. बर्फाच्या प्रदेशात हे फायद्याचे ठरते, कारण उभ्या तबकडीवर बर्फ कमी साचते. या हुशारीला दाद द्यायला हवी. तरी डिश आपले गुपित आत ठेवते, अँटेना ठेवत नाही, आणि म्हणून माझे मन अँटेनाकडे अधिक ओढ घेते.

मग दोन्ही कशाला, हा प्रश्न येतोच, कारण न्यूयॉर्कच्या वाहिन्या डिशवरही मिळतात. त्याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास या छपराचा अर्थ उलगडायला फार लागतो. १९८८ च्या उपग्रह-टीव्ही कायद्याने एबीसी, सीबीएस, एनबीसी अशा देशव्यापी प्रसारण-जाळ्यांची दूरची केंद्रे उपग्रहावरून फक्त अशाच घरांना द्यायला परवानगी दिली, ज्यांच्या छपरावरच्या अँटेनाला स्थानिक केंद्र पुरेसे मिळत नाही. कायद्याने डिशचा हक्क अँटेनाच्या अपयशावर मोजला! अँटेनाला दिसत असेल तर डिशने ते दाखवायचे नाही. पुढे ही अट मोडली जात असल्याचे खटले झाले. १९९८ मध्ये मायामीच्या संघीय न्यायालयाने स्थानिक केंद्रांच्या बाजूने निकाल दिला आणि असंख्य घरांतली जाळ्यांची चॅनेले बंद व्हायची वेळ आली. १९९९ च्या नव्या कायद्याने स्थानिक केंद्रे त्यांच्याच भागात उपग्रहावरून परत द्यायला मुभा दिली. म्हणजे डिशच्या पहिल्या पाच वर्षांत अँटेना ही हौस नव्हती. संध्याकाळच्या बातम्या, रविवारचे फुटबॉल आणि गावचे हवामान पाहायचे तर डिशशेजारी तो लागायचाच.

१९९९ नंतर सक्ती गेली. पण स्थानिक वाहिनी डिशवर येते कशी, तो रस्ता पाहा. मॅनहॅटनच्या केंद्रात बातमी तयार होते. ती तारेने जाते कॉलोरॅडोच्या कॅसल रॉकसारख्या ठिकाणी, देशाच्या मध्यावर. तिथे ती पुन्हा दाबून बारीक केली जाते, उपग्रहाकडे पाठवली जाते, आणि उपग्रह ती ठरावीक भागापुरत्या झोतातून पूर्व किनाऱ्यावर खाली सोडतो. चाळीस किलोमीटरवरची बातमी हजारो किलोमीटर पश्चिमेला जाऊन, अवकाशात वर-खाली सुमारे ७५,००० किलोमीटर फिरून घरात येते. नुसत्या त्या वर-खाली फेरीला पाव सेकंद लागतो, आणि दाबण्या-उलगडण्याचे सेकंद निराळे. अँटेनावर तीच लहर चाळीस किलोमीटर सरळ येते. शेजारच्या घरात टचडाउनचा आरडाओरडा आधी होतो आणि आपल्या पडद्यावर खेळाडू अजून धावतच असतो, याचे कारण पुष्कळदा त्या घरातला अँटेना असते.

चित्राचेही तसेच. हवेतल्या एका चॅनेलला सहा मेगाहर्ट्झ जागा मिळते आणि त्यातून सेकंदाला सुमारे १९.४ मेगाबिट जातात. केंद्राने ती जागा एका मुख्य वाहिनीला मोकळेपणाने दिली असेल, तर गवताचे पाते, पावसाचा थेंब, गर्दीतला चेहरा स्वच्छ दिसतो. डिशवर तेच चित्र पुन्हा दाबलेले असते. पण इथे अँटेनाची बाजू घेताना अतिशयोक्ती नको. हल्ली बरीच केंद्रे त्याच सहा मेगाहर्ट्झमध्ये पाच-सहा उपवाहिन्या कोंबतात, आणि मग हवेतले चित्रही दमते. त्या उपवाहिन्यांची दुसरी बाजू अशी की जुने चित्रपट, जुन्या मालिका, सार्वजनिक पीबीएस केंद्राचे जादा कार्यक्रम असे पुष्कळ त्यांच्यावर असते, आणि डिशच्या यादीत त्यांतल्या कित्येक नसतात. डिशवाल्याने पाचशे चॅनेले घेतली तरी शेजारच्या शहरातली ही बारकी वाहिनी त्याला मिळते ती काड्यांतूनच.

शिवाय अँटेनाला नकाशावरच्या सीमा कळत नाहीत. जाहिरातींच्या हिशोबासाठी अमेरिकेचे टीव्ही-बाजारांत तुकडे केलेले आहेत. एडिसन न्यूयॉर्कच्या बाजारात येते, म्हणून डिशवर न्यूयॉर्कचीच केंद्रे येतात. फिलाडेल्फियाचे रॉक्सबरोचे मनोरे मात्र एडिसनपासून नव्वदेक किलोमीटरवर, नैर्ऋत्येला आहेत. उंच छपरावर मोठा अँटेना तिकडे वळवला तर तिथली केंद्रेही येऊ शकतात. कायदा आणि करार त्यांना अडवत नाहीत. अडवलेच तर मधली टेकडी किंवा झाड अडवते.

आता जोडणीकडे वळू. दोन साधनांच्या दोन केबली भिंतीतून खाली आणायच्या, की एकच? जुन्या डिशांच्या काळात याला फार देखणे उत्तर होते. १२ गिगाहर्ट्झची लहर केबलमध्ये टिकत नाही, म्हणून एलएनबी तिला खाली, ९५० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये आणते. हवेतला टीव्ही तेव्हा ८०६ मेगाहर्ट्झला संपत असे. दोघांच्या मध्ये मोकळी जागा होती. म्हणून छपराशी एक डिप्लेक्सर लावायचा, तो दोन्ही प्रवाह एका केबलमध्ये घालतो. टीव्हीमागे दुसरा डिप्लेक्सर लावायचा, तो त्यांना पुन्हा वेगळे करतो. मधल्या भिंतीतून जुनीच एक आरजी-६ केबल. मुठीत मावणारी ही डबी, आत फक्त काही वेटोळी आणि कपॅसिटर, आणि दोन्ही प्रवाह एकमेकांना धक्का न लावता आपापल्या मजल्यावरून जातात. औचित्य म्हणतात ते हेच. नव्या डिशांच्या एककेबली जोडणीत खालच्या पट्ट्यातही कंपनीची कामे चालतात, त्यामुळे तिथे डिप्लेक्सर टाळून अँटेनाला स्वतंत्र केबल दिलेली बरी. मग ती केबल एक तर थेट टीव्हीला जोडायची, किंवा डिशच्या पेटीला. डायरेक्टीव्हीने पूर्वी एएम२१ नावाचा जोड दिला होता, आणि डिश नेटवर्क या दुसऱ्या कंपनीच्या पेट्यांना यूएसबीने लावायचा ट्यूनर मिळतो. त्याने अँटेनावरच्या वाहिन्या डिशच्याच कार्यक्रम-यादीत येऊन बसतात, रेकॉर्डही होतात. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हीच व्यवस्था मला योग्य वाटते. रिमोट एक, यादी एक, आणि कुठली वाहिनी कुठल्या दिशेने आली हे त्यांना पाहावे लागत नाही.

पावसात ही जोडी खऱ्या अर्थाने खुलते. अडीच सेंटिमीटरच्या लहरीला पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात. काळ्या वादळी ढगांतून ती पार होत नाही, आणि पडद्यावर ‘सिग्नल शोधत आहे’ अशी पाटी येते. नेमके तेव्हाच घरच्यांना गावचे हवामान पाहायचे असते: वादळ कुठे आहे, तळघरात उतरायचे का. अर्ध्या मीटरची आणि दीड मीटरची लहर त्याच पावसातून जवळजवळ तशीच येते. डिश जिथे गप्प होते तिथे अँटेना बोलत राहतो. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो तेव्हाही काही दिवस थोडी मिनिटे डिश आंधळी होते. काड्यांना सूर्याचे सोयरसुतक नाही.

करारांचे वादळ याहून वाईट. १९९२ च्या कायद्याने स्थानिक केंद्रांना, आमची वाहिनी दाखवायची तर पैसे द्या, असे केबल आणि डिश कंपन्यांना सांगण्याचा हक्क दिला. बोलणी फिसकटली की वाहिनी पडद्यावरून जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये डायरेक्टीव्ही आणि डिस्नी यांचे असेच बिनसले. १ तारखेपासून जवळपास दोन आठवडे डिस्नीच्या मालकीची केंद्रे, त्यांत न्यूयॉर्कचे सात नंबरही, डायरेक्टीव्हीवर दिसेना. १० सप्टेंबरला एबीसीने घेतलेला हॅरिस-ट्रम्प वाद त्याच काळात झाला. तो इतर वाहिन्यांनीही दाखवला, पण सात नंबर पाहायचाच असेल तर ८५ सेंटिमीटरच्या काड्या असलेल्या घरांत तो दिसतच होता, फुकट, पूर्ण ताकदीने. हवेतल्या लहरीवर केंद्र आणि डिश कंपनी यांच्यातला कुठलाही करार लागू होत नाही.

पण अँटेना अजिंक्य नाही, आणि ते न्यूयॉर्कइतके कोणत्याच शहराला ठाऊक नाही. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरचा उत्तर मनोरा कोसळला. त्याच्या माथ्यावर शहरातल्या बहुतेक केंद्रांची प्रक्षेपणे होती. तिथे काम करणारे सहा अभियंते मृत्युमुखी पडले. सीबीएसकडे एम्पायर स्टेटवर पर्यायी यंत्रणा होती, म्हणून ते हवेत राहिले. बाकीची मोठी केंद्रे अँटेनावाल्या घरांतून नाहीशी झाली. ज्यांच्याकडे केबल किंवा डिश होती त्यांना त्यातल्या पुष्कळ वाहिन्या थेट जोडणीमुळे दिसत राहिल्या. त्या दिवशी काड्या मुक्या झाल्या आणि तबकडी बोलली. म्हणून मी जोडीची भलामण करतो, एकट्या अँटेनाची नाही. एकाचा आधार मनोऱ्यावर, दुसऱ्याचा कक्षेवर. दोन्ही आधार एकाच वेळी तुटणे कठीण.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळे परके वाटण्याचे कारण आहे. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पुढच्या वर्षी पुण्याला सिंहगडावरून प्रक्षेपण येऊ लागले, आणि पंधरा-वीस वर्षे गच्चीवरचा अँटेना हा घराचा भागच होता. मुंग्या आल्या की कोणीतरी वर जायचे, काड्या फिरवायचे, खालून ओरडून सांगायचे. पुढे केबल आली, मग डिश आली, २००४ पासून दूरदर्शनचीच मोफत डिश आली, आणि दूरदर्शनने जमिनीवरची बहुतेक जुनी प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यामुळे आपल्या मनात अँटेना म्हणजे गेलेला काळ. अमेरिकेत तो काळ गेलेला नाही, तो डिजिटल झाला आहे. तिथल्या अँटेनावर आता मुंग्या येत नाहीत, दुहेरी सावल्या पडत नाहीत. चित्र एक तर चोख येते, नाही तर चौकटी-चौकटी होऊन थिजते. मधली अवस्था नाही. जुन्या मुंग्यांत निदान बातमी ऐकू यायची, हे खरे, आणि तेवढी सोय नव्या तंत्राने घालवली. त्यावर उपाय एकच: अँटेना उंच बसवा, नीट रोखा, आणि गरज नसेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या नादी लागू नका. चाळीस किलोमीटरवरच्या जोरदार मनोऱ्यांपुढे तो उलट बिघडवतो. एप्रिल-मेमध्ये झाडांना पालवी फुटली की काही चॅनेले पडतात, तेव्हा दोन फूट जागा बदलून पाहावी. दांडीला जमिनीशी जोडणारी तार मात्र विसरू नये.

सोसायटीची किंवा घरमालक संघटनेची हरकत येईल, ही भीतीही बाळगायला नको. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने नियम केला: आपल्या ताब्यातल्या जागेवर टीव्हीचा अँटेना आणि एक मीटरपर्यंतची डिश लावायला संघटना मनाई करू शकत नाही. फक्त छपरापासून बारा फुटांहून उंच खांब उभा करायचा तर परवानगी लागू शकते. ज्या देशात हिरवळीची उंचीसुद्धा संघटना ठरवते, तिथे काड्यांना इतके संरक्षण मिळाले याचे मला मनापासून कौतुक आहे.

एक धोका मात्र खरा आहे. २०१७ मध्ये एफसीसीने नव्या पिढीच्या हवाई प्रक्षेपणाला परवानगी दिली. त्यात चित्र अधिक चांगले येऊ शकते, पण काही केंद्रे ते कुलूपबंद करून सोडू लागली आहेत, म्हणजे काड्यांनी लहर पकडली तरी टीव्हीला ती उघडण्याची परवानगी लागते. असे सरसकट झाले तर माप हाच अर्थ असलेले हे साधन अर्थच गमावेल. सार्वजनिक हवेतून येणारे चित्र कुलूपबंद नसावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एडिसनला, ह्यूस्टनला, शिकागोला ज्यांची मुले-भाचरे राहतात त्यांना एवढेच सांगायचे आहे. नवे घर घेताना छपरावर काड्यांचा अँटेना दिसला, तर डिश बसवायला आलेल्या माणसाला तो उतरवू देऊ नका. मागच्या काड्या मोजून पाहा, ८५ सेंटिमीटरच्या आसपास असल्या तर एडिसनमध्ये सात नंबरसाठी दुसरे काही घ्यावे लागणार नाही. केबल नवी टाका, टोक मनोऱ्याकडे वळवा, आणि टीव्हीवर चॅनेले शोधण्याचे बटण दाबा.